क्लेम बॉरेट आणि पश्चिमेची भिंत

आमचा क्लेम कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीशी बोलतो, मग माणसांशी. लग्न झाल्यावर आम्ही चार दिवस लोस्टॉफ्टला समुद्रावर गेलो होतो. मी बाई नवा गाऊन घालून, केस मोकळे सोडून पलंगावर बसलेली, आणि हा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळतोय. मला वाटलं समुद्र बघतोय. तर म्हणतो कसा, “हेटी, हे धुराडं ज्यानं बांधलं ना, त्याला धरून ह्याच धुराड्यात कोंबला पाहिजे.” मी काय ते तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझ्या आईला मूठमाती द्यायला गेलो तेव्हा हा ढसाढसा रडला, खोटं कशाला बोलू, पण डोळे पुसता पुसता माझ्या कानात म्हणाला, “चर्चचे खालचे तीन थर ओल धरतायत.”

गवंडी आहे तो. त्याचा बाप गवंडी, आजा गवंडी, हर्बर्टकाका तर गवंड्यांचा गवंडी. सफक परगण्यातल्या आमच्या कोपऱ्यात कुठलंही कुंपण हलवा, मागून एखादा बॉरेट थापी घेऊन उठतो. हात चांगला आहे क्लेमचा, ते मी नाकारत नाही. पण त्याचं कधी चुकत नाही. म्हणजे असं त्याचं मत. वाट चुकली तर गावानं रस्ता हलवलेला असतो. पाऊस नाही म्हणाला आणि पाऊस आला, तर पावसाला अक्कल नाही. एकदा अख्खं कपाट उलटं ठोकलं होतं त्यानं स्वयंपाकघरात, दारं वर उघडायची, तर मला म्हणाला, “तुझीच उंची कमी आहे.” मी अकरा वर्षं त्या कपाटातून साखर काढली.

आता पॉप्लर फार्मचं सांगते. आमच्या गावापासून मैलभरावर ते घर आहे, तीनशे वर्षांचं, लाल विटांचं. घरामागे तळं आहे ना, तिथलीच माती काढून तिथंच भाजलेल्या विटा. म्हणून एकीचा रंग दुसरीला नाही. कुणी जांभळट, कुणी गाजरासारखी, कुणी करपलेल्या पावासारखी. आणि मऊ तर इतक्या की नाण्यानं ओरखडा उठेल. समोरून बघाल तर काय रुबाब! एक थर आडव्या विटांचा, एक थर नुसती तोंडं बाहेर काढलेल्या विटांचा, भिंत आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या वळणदार, छपरावर तीन धुराडी एकमेकींना चिकटून. मागे जाऊन बघाल तर ओकाचे वासे आणि मातीचा गिलावा. पुढून जमीनदार, मागून कूळ. वरच्या मजल्यावर एक खिडकी विटांनी बुजवलेली आहे. ती खिडक्यांवरच्या करापायी बुजवली की पहिल्यापासून नुसती शोभेची, ह्यावरून क्लेमचं आणि पाद्रीबुवांचं वीस वर्षं वाजतंय. दोघांनाही आत जाऊन बघायचं सुचलं नाही. आतून तिथं जिना आडवा येतो, खिडकी उघडणार कुठं?

पण घराची खरी शान म्हणजे पश्चिमेची भिंत. त्रिकोणी, उंच, आणि दोन्ही बाजूंनी पायऱ्या पायऱ्या करत वर गेलेली. डोमकावळे त्या पायऱ्यांवर बसून असतात, चॅपेलमधल्या म्हाताऱ्यांसारखे.

त्रेसष्टच्या त्या भयंकर थंडीत त्या भिंतीच्या विटांमधले चुन्याचे सांधे भुगा होऊन गळायला लागले. घर तेव्हा म्हाताऱ्या थर्केटलसाहेबांचं. त्यांनी क्लेमला बोलावलं. क्लेम बत्तीस वर्षांचा, अंगात रग, डोक्यात वारं. हर्बर्टकाका आमच्या घरी आला आणि टोपीही न काढता म्हणाला, “क्लेम, मऊ विटेला मऊ चुना. सांधा विटेपेक्षा कठीण झाला की वीट मरते.”

“काका, चुना आजीबाईंच्या वेळचा. आता सिमेंट आलंय. एकदा भरलं की शंभर वर्षं हलायचं नाही.”

“तेच म्हणतोय मी. हलायचं नाही ते.”

“मग चांगलंच की!”

काका टोपीसकट परत गेला आणि नाताळपर्यंत आमच्याशी बोलला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा सगळेच सिमेंट भरत होते. चुना म्हणजे मागासलेपणा, सिमेंट म्हणजे शहाणपणा. पण इतरांनी कुणी अकरा आठवडे परांचीवर उभं राहून अख्खी भिंत खरवडून भरली नव्हती, आणि तीही इतक्या निगुतीनं. थर्केटलसाहेबांची लेक, मिस ऑगस्टा, तेव्हा पंचेचाळिशीची, लग्नबिग्न काही नाही, बैलासारखी राबणारी. सिमेंटची पोती ढकलगाडीतून तीच ओढून आणायची. काम झालं तेव्हा सांधे असे दिसत होते, की भिंतीवर कुणी पट्टी ठेवून रेघा मारल्यात. क्लेमनं कोपऱ्यातल्या एका विटेवर, खांद्याच्या उंचीला, आपल्या नावाची अक्षरं आणि साल कोरलं. मग सगळ्या पबला बीअर पाजली. मला त्या महिन्यात नवे बूट घ्यायचे होते. ते बूट लोक पिऊन गेले.

त्यानंतर रविवारी चॅपेलहून येताना आम्ही सरळ घरी कधी आलो नाही. पॉप्लर फार्मवरूनच यायचं. “किती वाजले असतील, हेटी?” म्हणत तो त्या कोपऱ्यापाशी थांबायचा. भिंतीला कुठं घड्याळ आहे?

पाच-सहा वर्षांनी विटांचे पापुद्रे सुटायला लागले. दहा वर्षांनी तोंडंच्या तोंडं गळून पडायला लागली. सिमेंटच्या रेघा जागच्या जागी, आणि मधली वीट मात्र आत आत गेलेली, मधाच्या पोळ्यासारखी. भिंतीखाली लाल भुगा साचायचा. आणि आमचे साहेब काय म्हणायचे? आधी म्हणे विटाच कच्च्या भाजल्यात. तीनशे वर्षं काही झालं नाही, ह्याच्या सिमेंटनंतर त्या कच्च्या झाल्या! मग म्हणे समुद्राचं खारं वारं. समुद्र चौदा मैलांवर. मग गाई अंग घासतात. गाई काय शिडी लावून वीस फुटांवर घासतात? मग शेवटी सगळं आलं डोमकावळ्यांवर. ते चोचींनी विटा फोडतात म्हणे, दातात खडी हवी असते त्यांना. डोमकावळ्याला दात! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

म्हातारे थर्केटलसाहेब सत्तर साली गेले. थोरला मुलगा ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथलाच झाला. राहिली मिस ऑगस्टा. तिनं कधी वाद घातला नाही. क्लेम दर एप्रिलमध्ये बादली घेऊन तिकडे जायचा, मेलेल्या डझनभर विटा काढायचा, नव्या बसवायचा, आणि बसवायचा कशानं? सिमेंटनंच. दिवसभर तीन-तीन कप चहा, डोमकावळ्यांवरून मिस ऑगस्टाशी तासभर भांडण, आणि संध्याकाळी पैशाऐवजी अंडी घेऊन घरी. अशी वीस-एकवीस वर्षं गेली.

मग एक्याण्णवच्या वसंतात काउंटीच्या कचेरीतून जुन्या इमारती बघणारी एक पोरगी आली. फिलिपा तिचं नाव. रबरी बूट, कानावर पेन्सिल, जेमतेम सव्वीसची. मिस ऑगस्टा थर्केटलनं आम्हां दोघांनाही बोलावलं होतं, क्लेमला भिंतीसाठी आणि मला चहा ओतायला. बाहेर गवतात टेबल मांडलेलं. क्लेम मोठ्या ऐटीत डोमकावळ्यांचं पुराण लावणार, तोच त्या पोरीनं खिशातून लहानसा चाकू काढून सांध्यात खुपसला. चाकू वाकला.

“सिमेंट,” ती म्हणाली. “अरे देवा. वरपासून खालपर्यंत सिमेंट!”

“मजबूत आहे,” क्लेम म्हणाला.

“मजबूत आहे म्हणूनच तर. ह्या विटा पाणी पितात, मिस्टर बॉरेट. पूर्वी ते पाणी चुन्यातून परत बाहेर जायचं. आता वाटच नाही. उन्हाळ्यात रबरी कोट घालून पळायला लावलं तर तुमचं काय होईल? तसं झालंय हिचं. सगळं पाणी विटेतच बसतं, थंडीत गोठतं, आणि तोंड उडतं. हे ज्यानं केलं ना, त्याला ह्या भिंतीच्या पन्नास यार्डांच्या आत येऊ देऊ नये.”

आमचा पन्नास यार्डवाला त्या वेळी कोपऱ्याला टेकून उभा होता. नुसता टेकला नव्हता. खांदा त्या कोरलेल्या अक्षरांवर असा दाबून धरला होता, की पोरगी पुढे सरकली तरी हा हलेना. तिनं विचारलं, “कुणाचं काम हे?”

मी भरलेल्याच कपात आणखी चहा ओतत होते. मिस थर्केटल चहा ढवळत होती. तिच्या चहात साखर नसते.

“इप्सविचचा कुणी कंत्राटदार होता,” क्लेम म्हणाला. “मेला बहुतेक.”

माझ्या घशात केक अडकला. पाठीवर थाप कुणी मारायची? क्लेमला तर कोपरा सोडता येईना.

पोरीनं सगळं लिहून घेतलं. म्हणाली, सिमेंट काढायलाच हवं, नाहीतर दोन-चार हिवाळ्यांत वरच्या पायऱ्या सुटून खाली येतील. यंत्राच्या चकतीनं काढणारी माणसं मिळतात, पण चकती विटांच्या कडा खाते. खरं म्हणजे हातानं, लहान छिन्नीनं, बोटबोट काढायला हवं, पण एवढा धीर आजकाल कुणाला? तसा माणूस मिळाला तर महिन्याअखेरपर्यंत कळवा, नाहीतर मी यंत्रवाल्यांना सांगते. जाता जाता क्लेमकडे वळून म्हणाली, “तुम्हीच का नाही करत? पंचक्रोशीत तुमच्या हाताचं नाव आहे.”

झालं. घरी आला तो टोपीसकटच जेवायला बसला. मी गोमांसाचा रस्सा आणि त्यात पिठाचे गोळे सोडून डंपलिंग केलं होतं. त्यानं डंपलिंग ताटात इकडून तिकडे ढकललं. मला वाटलं, आता रस्शाची चूक निघणार. पण नाही.

“तिनं तुलाच विचारलंय की,” मी म्हटलं. “घे काम. कुणाला काय कळतंय?”

“ती म्हणाली, ज्यानं केलं त्याला पन्नास यार्डांच्या आत येऊ देऊ नका.”

“अरे, पण ती कुठं ओळखते त्याला?”

“मी ओळखतो ना, हेटी.”

मी चमचा खाली ठेवला. तो ताटाकडे बघत बोलत होता. “हर्बर्टकाका बरोबर होता. अठ्ठावीस वर्षं ती भिंत मीच मारतोय. आणि दर एप्रिलला जाऊन आणखी थोडी थोडी. खोटं बोलून छिन्नी कशी लावू तिला? खरं बोललो तर मिस थर्केटल दारात उभी करणार नाही. मग ते यंत्रवाले येतील आणि चकत्या लावतील.” बोलता बोलता त्याचा आवाजच गेला. आयुष्यभर मी वाट बघत होते की ह्या माणसानं एकदा तरी ‘चुकलं’ म्हणावं. आणि आता कबूल केलं, तर मलाच ऐकवेना. ते कपाट आणखी अकरा वर्षं उलटं राहिलं असतं तरी चाललं असतं, असं वाटलं मला.

“जा आणि सांग तिला,” मी म्हटलं. “महिना संपायला नऊ दिवस आहेत.”

सोमवारी गेला. तासाभरानं परत आला. हातात अर्धा डझन अंडी.

“सांगितलंस?”

“तिनं दार उघडलं आणि म्हणाली, अंड्यांना आलास ना? मग काय म्हणणार? हो म्हटलं.”

मंगळवारी गेला. दारातच ततपप झालं, परत अर्धा डझन. गुरुवारी तर म्हणे थेट विषय काढला होता. “मिस थर्केटल, मला तुम्हाला एक मोठी गोष्ट सांगायचीय,” इथपर्यंत गाडी गेली होती. तर ती म्हणाली, “मोठी हवीत? बदकाची देते.” आठवडाभर आमच्याकडे सकाळी ऑम्लेट, दुपारी अंड्याचं सँडविच, रात्री कस्टर्ड. शेजारची मांजरंही शेवटी तोंड फिरवून जायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी डोक्याला रुमाल बांधला. “चल, मी येते बरोबर. आणि आज जर तू अंडी घेऊन बाहेर पडलास ना क्लेम, तर ती मी तुझ्याच डोक्यावर फोडीन.”

मिस थर्केटल स्वयंपाकघरात बसली होती, त्या मोठ्या चुलीपाशी. जमिनीच्या विटा पायांनी झिजून वाट्यांसारख्या झाल्यात तिथं, खुर्ची कधी धड बसत नाही. तिनं आम्हांला बघितलं आणि टोपलीकडे हात नेला.

“अंडी नकोत!” मी ओरडलेच. मग क्लेमला कोपरानं ढोसलं.

क्लेमनं टोपी हातात घेतली. “मिस थर्केटल, तो इप्सविचचा कंत्राटदार… तसा कुणी नव्हता.”

“नव्हताच,” ती म्हणाली.

“तो मी होतो.”

“क्लेमंट, पोती कुणी ओढली होती? मी. तुला काय वाटतं, मी म्हातारी झाले म्हणून मला सिमेंट आणि चुना कळत नाही?”

“तसं नाही. म्हणजे भिंत त्यानंच मरतेय हे… मला आत्ता कळलंय. तुम्हाला फसवलं मी. तुमच्या वडलांच्या घराचं वाटोळं केलं. चुकलं माझं.” शेवटचे दोन शब्द त्यानं एवढ्या जोरात उच्चारले, की चुलीपुढचं कुत्रं उठून बसलं.

मिस थर्केटलनं अंड्यांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, “मला अडुसष्टलाच कळलंय. हर्बर्ट मरायच्या आधी बाबांना सांगून गेला होता. बाबा म्हणाले, पोराला कळू देऊ नको, हाय खाईल.”

“अडुसष्टला?” क्लेमचे डोळे गरगरले. आणि मग काय सांगू, ह्या माणसाला राग आला! “आणि तुम्ही मला बोलला नाहीत? दर एप्रिलला मी तिथं आणखी सिमेंट कोंबतोय आणि तुम्ही चहा पाजताय? थांबवायचं नाही मला? म्हणजे मग चूक तुमचीच की हो!”

मी त्याच्या नडगीवर लाथ घातली. लागली ती कुत्र्याला.

पण मिस थर्केटल रागावली नाही. तिनं हात मांडीवर ठेवले. मोठे, लाल, पुरुषी हात तिचे.

“बाबा गेले त्या वर्षी,” ती म्हणाली, “ह्या दारात दोनच माणसं आली. पोस्टमन आणि तू. पोस्टमन कागद टाकून जातो. तू बादली ठेवलीस, कप मागितलास, बसलास आणि पाखरांवरून माझ्याशी भांडलास. घरात कुणी मोठ्यानं बोललं त्या वर्षी ते तेवढंच. मला वाटलं, सांगितलं तर हा लाजेनं परत यायचा नाही. दर वर्षी डझनभर विटा जायच्या. म्हटलं, जाऊ देत. घर मोठं आहे.”

क्लेमनं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. एक मैल. सगळं मिळून एक मैलाचं तर अंतर. दर रविवारी आम्ही तिच्या भिंतीपर्यंत यायचो आणि तिथूनच परत फिरायचो. अठ्ठावीस वर्षांत दार ठोठावायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

“त्या पोरीला मी आज पत्र टाकते,” मिस थर्केटल म्हणाली. “माणूस मिळाला म्हणून. कोण ते विचारलंच, तर सांगीन, ज्यानं केलं तोच. बघू कोण त्याला माझ्या भिंतीपासून पन्नास यार्ड लांब ठेवतं ते. छिन्नीनं काढायला किती दिवस लागतील, क्लेमंट?”

क्लेमनं मनाशी हिशोब केला. कामाचा प्रश्न आला की त्याचा आवाज परत येतो. “रोज आलो, तर दोन उन्हाळे.”

“चार लाव,” ती म्हणाली. “आणि येताना हेटीला आणत जा.”